हैशा कुणी म्हणायचं

दौंड आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, पण गाडीच्या खिडकीतून. गाडी थांबते, चहावाला येतो, घाईघाईत जीभ भाजते, गाडी सुटते आणि दौंड संपतं. मी पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर भीमा आणि घोड शेकडो वेळा काढल्या, पण या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात सलग पाच दिवस राहण्याचा योग आला तो या जानेवारीत, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. मामाच्या गावाला जायचं वय उलटून चाळीस वर्षं झाली होती, आणि तरी मी मामाच्याच गावाला निघाले होते.

माझे मामा रेल्वेत गँगचे मुकादम होते. रूळ सरळ करणं, खालची खडी ठोकणं, रुळांखालचे आडवे स्लीपर बदलणं ही कामं करणारी टोळी म्हणजे गँग, आणि तिला हाक देऊन एका दमात कामाला लावणारा तो मुकादम. ऑक्टोबरात मामा मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं. पण साडेतीन महिने होऊन गेले तरी मामा स्वतःच्या ताकदीने खुर्चीतून उठत नव्हते. दोघांनी बगलेत हात घालून उचलायचं, तेव्हा ते उभे राहायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या महिन्यात उठले नाहीत तर मांड्यांतला जोर जाईल आणि मग खाट कायमची. मामांचा मला फोन आला.

"सुमे, मला काय डोंगर चढायचा न्हाई. संडासला तेवढं माझ्या पायानं जायचंय. तुझी मामी भांडी उचलती आन् मी भिंतीकडं बघतो. माणसानं तेवढं तरी आपलं आपण करावं का न्हाई?"

मलाच का फोन, तर दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून नात्यागोत्यात मी हाडांची सल्लागार झाले आहे. खरं सांगायचं तर मी फार वाईट पेशंट होते. "उठताना श्वास कोंडू नका, तोंडाने मोठा आवाज करा," असं मला बजावलं होतं, आणि आमच्या घरात आवाज करून कष्ट करणं हे असंस्कृतपणाचं लक्षण समजतात. आई गॅसचं सिलिंडर सरकवतानासुद्धा ओठ मिटून सरकवायची. शेवटी मी मिक्सर चालू करून त्याच्या आडून व्यायाम केले. सोसायटीत सहा आठवडे सगळ्यांना वाटत होतं की मी चटण्या करून विकायला लागले आहे.

तळेगाव ढमढेरे

पुण्याहून दौंडला शहाणा माणूस रेल्वेने जातो. मी शिरूरची बाजूही बघू म्हणून एसटीने निघाले आणि तळेगाव ढमढेरेला आठवडे बाजाराच्या ऐन गर्दीत उतरले. त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या, मटारचे ढीग, गोडीशेवेच्या पाट्या, आणि मेथी इतकी ताजी की मुळांची माती अजून ओली. आमच्याकडे मेथी प्लॅस्टिकच्या पिशवीत मान टाकून येते. मी तिथेच उभ्याने पाव किलो गोडीशेव घेतली आणि पुढची जीप भरेपर्यंत त्यातली निम्मी संपवली.

जीपच्या शेजारी एका टेम्पोत कांद्याच्या गोण्या चढवत होते. खाली तीन हमाल, वर एक. खालचा वाळका म्हातारा काहीतरी ओरडायचा, बाकीचे दोघे "हैऽय्या" करायचे की गोणी वर. मी माझी बॅग जीपच्या टपावर द्यायला उचलली, अर्थातच घरच्या वळणाने ओठ घट्ट मिटून, आणि कमरेत अशी काही चमक आली की बॅग माझ्याच पायावर पडली. म्हातारा हसला.

"बाई, आवाज काढा की. आवाज न्हाई काढला तर वजन आत ऱ्हातं."

"लोक बघतात हो," मी म्हटलं.

"बघू द्या. वजन तुमचं हाय, लोकांचं न्हाई."

मी इकडेतिकडे पाहिलं, हरभरेवाल्या बाईकडे पाठ केली, आणि "हं!" असा जरा ठसक्यात आवाज काढून बॅग उचलली. गेली की वर! माझा गुडघा दोन वर्षं जे पटवून देत होता ते त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात पटवलं. दम बाहेर सोडला की पोट घट्ट होतं, कंबर सावरते, आणि भीती वाटायला जागाच उरत नाही. जीपमध्ये बसल्यावर मी मामांचा प्रश्न सुटलाच असं समजून उरलेली गोडीशेव खाल्ली. मामांना आवाज काढायला सांगायचं, झालं!

दौंड

मामा दारासमोरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. अंग उतरलं होतं, पण मिशा आणि तोरा जागच्या जागी. मामीने चहा दिला. मामी बोलते कमी. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढे तिने आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. मामांना चहा बशीत लागतो, तो तिने बशीत ओतून, फुंकून, हातात दिला.

चहा होताच मी सल्लागाराच्या आवाजात म्हटलं, "मामा, उठताना श्वास कोंडू नका. तोंडाने आवाज काढा."

मामेभाऊ अशोक हळूच म्हणाला, "ताई, ते फिजिओवाल्या मॅडमनी पण सांगितलंय."

"आवाज काढ म्हणं!" मामा उसळले. "कुणाला सांगताय? माझ्या आवाजावर रूळ सरकायचं! ऐकायचाय आवाज?"

आणि त्यांनी रुळांवरची जुनी हाक दिली. "लाल दिवा पडला रंऽऽ!" समोरच्या घरातून एक बाई डोकावली, कट्ट्यावरचं मांजर पळालं. एवढी दणदणीत हाक देऊन मामांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या, बूड चार बोटं उचललं गेलं आणि धप्पकन परत खाली.

"बघितलंस? आवाज कमी हाय का?"

आवाज कमी नव्हता, हे मला कबूल करावं लागलं. माझी सगळी विद्या पहिल्या दहा मिनिटांत संपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना उपाय केले. अशोक कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जातो, त्याची पद्धत "वन, टू, थ्री" ची. तो "थ्री" ला उचलायचा, मी "थ्री" म्हणून झाल्यावर उचलायचे, आणि मामा मध्ये तिरके व्हायचे. एकदा तर आम्ही तिघेही खाटेवर पडलो. मामांनी आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याचा सारांश असा की आमच्यासारखी माणसं गँगला असती तर एकही गाडी वेळेवर धावली नसती.

दुपारी मामी भांडं घेऊन आली आणि आम्ही दोघं भावंडं बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. ती पाच मिनिटं फार वाईट गेली. आत ज्या माणसाच्या शब्दावर वीस गडी हलायचे, तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, हे दार बंद असूनही दिसत होतं.

संध्याकाळी मामा एकदम म्हणाले, "इस्माईलला आण. माझ्या गँगमधला. त्यो शेजारी असला की माझं अंग आपोआप चालायचं. त्यो आला तर उठीन."

कवठे येमाई

दौंडहून न्हावरं, शिरूर, मलठण अशी वाटचाल. अशोकच्या मित्राची गाडी मिळाली म्हणून सोपं झालं. शिरूरला घोड ओलांडायची गरज नव्हती, तरी मी गाडी वळवून पुलावर नेली आणि नदी बघून आले. इतकी वर्षं खडूने काढली, एकदा तोंडदेखली भेट तरी व्हायला हवी होती. पाणी बरं होतं. पुढे जमीन चढत जाते, ऊस मागे पडतो, कांदा आणि डाळिंब सुरू होतं. कवठ्यात शिरताना कांद्याचा वास गाडीतसुद्धा भरून राहिला होता.

इस्माईलचाचांच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे. चाचा बाहेर बाकड्यावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. सत्तरी उलटलेला, बारीक, ताठ माणूस. "मुकादम" हा शब्द काढताच ट्यूब टाकून उभे राहिले. मुकादम ऑक्टोबरात पडल्याचं मी सांगितलं.

"मुकादम पडलाय? आन् मला आज सांगताय? ऑक्टोबरात का न्हाई सांगितलं?"

त्यांनी आत जाऊन धुतलेला सदरा घातला, डोक्याला टोपी घातली, आणि आम्ही निघायच्या आधी त्यांच्या सूनबाईंनी आम्हाला जेवायला बसवलं. हुलग्याचे शेंगोळे! लसणाची खमंग फोडणी, वरून कच्चं तेल, सोबत बाजरीची भाकरी. पुण्यात शेंगोळे मिळतात ते हॉटेलात, मेन्यूकार्डावर "गावरान" असं लिहून, आणि वाटीत मोजून सात. इथे सूनबाई पळीने वाढत होत्या आणि नको म्हटलं की जास्त वाढत होत्या. मी तीन भाकरी खाल्ल्या.

जेवताना मी चाचांना मामांचं सगळं सांगितलं. त्यांना एकच गोष्ट कळेना.

"आवाज तर काढतो म्हंता?"

"मोहल्ला गोळा होतो इतका."

"मग उठत का न्हाई?"

"तेच तर."

चाचा विचार करत हात धुवायला गेले. परत आल्यावर त्यांनी उन्हाळ्यातल्या कामाच्या गोष्टी सांगितल्या. रूळ तापलेला, पायाखाली खडी, आणि गाडी यायला थोडाच वेळ उरलेला. अशा वेळी मुकादम हाका रचायचा. कुणाच्या सासूवर, कुणाच्या नव्या चपलांवर, कधी साहेबाच्या पोटावर. गडी हसायचे आणि हसता हसता रूळ जागेवर बसायचा. "हाकंत मानपान नसतो ताई. मोठा साहेब आला तरी त्याला अरंतुरं. न्हाईतर जोर येत न्हाई."

खुटबाव

परतताना चाचा अडून बसले की मुकादमाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, त्याला खुटबावचा गूळ आवडतो. वाट चांगलीच वाकडी होणार होती, पण चाचांना नाही म्हणायची छाती कुणाला? न्हावऱ्याहून चौफुल्याकडे वळलो आणि दिवस कलायच्या आत खुटबावला पोहोचलो. इकडे सगळं पाण्याचं राज्य आहे. दोन्ही बाजूंनी ऊस इतका उंच की रस्ता बोळासारखा वाटतो. मध्येच धूर दिसला, गोड वास आला, आणि आम्ही गुऱ्हाळावर उतरलो.

गुऱ्हाळावर गेलं की आधी रस प्यावा लागतो, मग गरम काकवी चाखावी लागते, आणि मग बोटं चिकट झाल्यामुळे फोटो काढता येत नाहीत. माझा चष्मा सावरताना काकवीत माखला आणि पुढचा अर्धा तास मला जग सोनेरी दिसलं. मालक शिंदे आडनावाचे, काम करणारे बहुतेक उत्तर प्रदेशातले. चुलाणावरच्या कढईला, तिला इकडे काहील म्हणतात, पाक आला की कडांत दांडे अडकवून चौघांनी ती कलती करायची आणि उकळता पाक शेजारच्या थंड हौदात ओतायचा. एकाने आधी उचलली किंवा एकाने उशिरा, तर पाक अंगावर.

गुळव्या, म्हणजे पाकाची परीक्षा असलेला म्होरक्या, पुढे उभा राहिला. दांड्याला त्याने हात लावला नाही. त्याने हिंदीत एक लांब ओळ म्हटली, चौघांनी "हैऽशा!" म्हणून काहील कलती केली. पुन्हा ओळ, पुन्हा "हैशा". मी चष्मा पदराला पुसून त्याच्याकडेच बघत होते, कारण तो मला अगदी मामांसारखा वाटला. तोच तोरा, तीच हनुवटी वर. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की चौघं "हैशा" म्हणून दम सोडत होते तेव्हा गुळव्याची छाती भरत होती. सगळे जोर लावत, आणि त्याच क्षणी हा ओठ मिटून श्वास आत घेई. पुढची ओळ म्हणायला दम नको का?

मी चाचांचा हात धरला. "चाचा, मामा कधी पहार धरायचे का? रूळ उचलायला?"

चाचा हसत सुटले. "मुकादम? पहार? मुकादमानं पहार धरली तर हाक कोण दील? त्यो बोलायचा, आम्ही उचलायचो."

"आणि तुम्ही हैशा म्हणायचात तेव्हा?"

"तवा त्यो दम घ्यायचा. पुढची वळ..." चाचा एकदम थांबले. काहिलीकडे बघितलं, गुळव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आयला!"

एवढंच होतं ते. तीस वर्षं मामांनी दुसऱ्याच्या जोराला आवाज दिला. जोर लावायच्या नेमक्या क्षणी दम आत ओढून धरायची त्यांच्या छातीला सवय लागली होती. "लाल दिवा पडला रं" ला गाव गोळा व्हायचं, पण त्यापुढचं "हैशा" त्यांनी उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं. आवाज भरपूर होता, फक्त वेळेच्या आधी संपत होता. मला इतका आनंद झाला की मी पाच किलोची गुळाची ढेप स्वतः उचलून गाडीत ठेवली, आणि उचलताना सगळ्या गुऱ्हाळासमोर, पाठ न फिरवता, मोठ्याने ओरडले. मालकांनी विचारलं, "काय लागलं का बाई?" मी म्हटलं, "नाही हो, बरं वाटलं."

पुन्हा दौंड

मुक्काम करून सकाळी चाचा मामांपुढे बसले. दोघं म्हातारे आदल्या दिवशी भेटल्यावर बराच वेळ एकमेकांचे हात धरून नुसतेच बसले होते, ते मी सांगत बसत नाही. सकाळी मी मामांना गुऱ्हाळावरची गोष्ट सांगितली.

मामांना ती आवडली नाही. "म्हंजी मी गँगमनवानी हैशा म्हणू?"

"का? हैशा म्हणायला लाज वाटती व्हय?" चाचा तडकले. "आम्ही जन्मभर म्हटलंच की! तुमच्या हाकंनं रूळ सरकला म्हंता, आमच्या हैशानं सरकला मुकादम!"

हे बहुधा तीस वर्षांत पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. कसं करायचं?"

चाचांनी समोर दुसरी खुर्ची ओढली. "माझ्यासारखं करायचं. पाय मागं. पुढं वाकायचं. हैशा म्हणायचं आन् उठायचं."

मामांपुढे वॉकर ठेवला. अशोक मागे उभा राहिला. दोघे म्हातारे समोरासमोर वाकून बसले, आणि सवय ती सवय, मामांनीच हाक दिली. "लाल दिवा पडला रंऽऽ!" चाचा "हैशा!" करून ताडकन उभे राहिले. मामा जागच्या जागी. मिटलेले ओठ, लाल चेहरा, भरलेली छाती.

मला हसू आवरेना. चाचा उभे राहून मामांकडे आणि मामा बसून चाचांकडे बघत होते.

"हाक तुम्ही द्या चाचा," अशोक म्हणाला.

चाचांनी घसा साफ केला. "लाल... लाल दिवा..." आणि अडकले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकले. वाकून नमस्कार केल्यासारखे हात जोडून म्हणाले, "मला न्हाई जमत. मी हैशावाला." मी एक ओळ म्हणून पाहिली, तर मामा म्हणाले की ही हाक आहे की हजेरी? अशोक मोबाइलवर काही सापडतं का ते शोधायला लागला. मामांचा चेहरा उतरला. खुर्चीत मागे टेकून ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. न्हाई व्हायचं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"मुकादम आमचा लई तोऱ्याचाऽऽ!"

आम्ही सगळे वळलो. मामी दारात उभी होती. दोन्ही हात पिठाचे. लग्न होऊन ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली, त्या घराची मागची खिडकी रुळांकडे होती. भाकरी थापता थापता तिने वर्षानुवर्षं या हाका ऐकल्या होत्या, एकही गाळली नव्हती. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनाही नसावं, कारण ते तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होते.

चाचांना बघायला वेळ नव्हता. हाक आली की ते जबाब देणारच. "हैशा!"

"आयता चहा लागतो बशीचाऽऽ!"

"हैशा!" चाचांनी मामांच्या मांडीवर थाप मारली. मामा पुटपुटले, "हैशा."

"साडेतीन म्हयनं खाट पकडलीऽऽ!"

"हैशा!" या वेळी मामांचा आवाज निघाला. कपाळाला आठी पडली होती. बूड चार बोटं उचललं.

"भांडी उचलून कंबर जखडलीऽऽ!"

मामीचा आवाज शेवटाला फुटला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती थांबली नाही. मामांनी मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं. "हैशा!" ते ओरडले, आणि रागाने ओरडले की कशाने, मला सांगता येणार नाही. बूड वीतभर उचललं.

"उठ रं गड्या, भाकर करपलीऽऽ!"

"हैऽऽशा!"

मामा उभे होते. वॉकर त्यांनी नंतर धरला. अशोकचे हात मागे नुसतेच पसरलेले होते, त्यांत कुणी नव्हतं. घरात खरोखरच भाकरी करपल्याचा वास सुटला होता आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. मामा मामीकडे बघून म्हणाले, "गड्या? मला?"

"हाकंत मानपान नसतो," मामी म्हणाली, आणि भाकरी काढायला आत पळाली.

मामा वॉकर टेकत निघाले. बसायला नाही, दाराकडे नाही, सरळ मोरीशेजारच्या संडासाकडे. अकरा पावलं. अशोक मागे चालला तेव्हा त्यांनी हाताने त्याला थांबवलं. आत उंच कमोड बसवून घेतलेला होता, साडेतीन महिने तो कोराच होता. मामा आत गेले, वळले, आणि आमच्या तोंडावर दार लोटून घेतलं.

आम्ही बाहेर उभे. अशोक, मी, चाचा, आणि हातात उलथनं घेतलेली मामी. मला बाहेरच्या पेरूच्या झाडावरचे पोपटसुद्धा ऐकू येत होते. अशोक दोनदा पुढे झाला, चाचांनी दोनदा त्याला मागे ओढलं. "घाई करू नको. निवांत बसू दे त्याला."

बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला. मग खाकरण्याचा. आणि मग ज्या आवाजाने मोहल्ला गोळा व्हायचा, तो आवाज अगदी हळू, जवळजवळ लाजत, दाराआडून आला.

"अगं..."

"काय वो?" मामी म्हणाली.

"उठायचंय."

अशोकने दाराला हात घातला. मामीने पिठाच्या हाताने त्याचं मनगट धरून त्याला बाजूला केलं. इस्माईलचाचांनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी स्वतःच्याच तळहाताने झाकून घेतलं. मामीने उलथनं माझ्याकडे दिलं, पदर खोचला, दाराजवळ तोंड नेलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"मुकादम आमचा लई तोऱ्याचाऽऽ!"

आणि आतून एकट्याचा, पुऱ्या छातीचा जबाब आला, "हैऽऽशा!"